कौलांखालचे अस्तर

घराचा इतिहास सांगताना आपण पायाभरणीचे साल सांगतो, दगडी चौथऱ्याचे, सागवानी खांबांचे आणि तुळयांचे वर्णन करतो. छपराचा उल्लेख मात्र 'कौलारू' या एका विशेषणात उरकतो. वस्तुतः घराच्या सर्व अवयवांत वारंवार बदलत आलेला भाग छप्परच होय. बेळगाव, शहापूर, खानापूर या भागांतील आपल्या जुन्या कुटुंबांपुढे आज हाच प्रश्न उभा आहे. वासे वाकले, रिपा कुजल्या, आता काय करावे? भावाभावांच्या बैठकीत एक म्हणतो पत्रा घालू, दुसरा म्हणतो पाडून स्लॅब टाकू. कौले ठेवून त्यांखाली जलरोधक अस्तर अंथरावे, असा तिसरा मार्ग कोणी सुचवला, तर 'आपल्या पूर्वजांनी कौलांखाली कधी असले काही घातले होते काय?' हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर इतिहासातच शोधले पाहिजे.

पहिली गोष्ट अशी की, आज आपण ज्याला परंपरागत कौल म्हणतो ते मंगलोरी कौल आपल्या पणजोबांच्या दृष्टीने नवेच होते. त्यापूर्वी घरांवर गवत असे किंवा नळीची कौले असत. कुंभार चाकावर निमुळती नळी ओढी, ती ओली असतानाच उभी चिरून तिचे दोन भाग करी आणि भाजी. अशी कौले एक उताणी, एक पालथी रचली जात. त्यांना खिळा नाही, खाच नाही. केवळ वजनावर आणि घसटीवर ती टिकून राहत. मांजर धावले तरी सरकत.

मंगलोरी कौलाची कथा थेट युरोपात जाते. फ्रान्सच्या आल्सास प्रांतातील आल्टकिर्श येथे गिलार्दोनी बंधूंनी १८४१ साली एकमेकांत अडकणाऱ्या चपट्या कौलाचे पेटंट घेतले. तेथून जवळच असलेल्या बाझल शहरातील मिशनचे लोक १८३४ पासून मंगळुरात होते. त्या बाझल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट या तंत्रज्ञ मिशनऱ्याने १८६५ साली नेत्रावती नदीच्या काठी जेप्पू येथे कौलांचा कारखाना काढला. नदीकाठची चिकणमाती, जळाऊ लाकूड आणि गलबतांची सोय या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र होत्या. तीन वर्षांनी, १८६८ मध्ये, आल्बुकर्क यांचा कारखाना उभा राहिला. पुढे किनाऱ्याने गलबतांतून आणि १८८०च्या दशकानंतर लोहमार्गानेही ही कौले दूरवर पोहोचली. खानापूरच्या मातीतूनही याच घाटाची कौले निघू लागली.

येथे एक गोष्ट नमूद करणे अगत्याचे आहे. जुन्या कौलाच्या पाठीवर '१८६५' किंवा '१८६८' असा आकडा पाहून अनेक जण 'आमचे घर त्या सालचे' असे अभिमानाने सांगतात. तो आकडा कारखाना स्थापन झाल्याचा आहे, कौल भाजल्याचा नव्हे. तोच शिक्का पुढे कित्येक दशके उमटत राहिला. घराचे वय ठरवायचे तर दस्तऐवज पाहावेत. कौलावर विसंबू नये.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. कौल, मग ते नळीचे असो वा मंगलोरी, एकटे कधीच नव्हते. नळीच्या कौलांखाली बांबूच्या कामट्या, तट्ट्या किंवा गवताचा थर असे. सधन घरांत माळ्याला फळ्यांची पटई असे. मंगळूरच्या कारखान्यांनी तर कौलांखाली बसवायची चपटी 'सीलिंगची कौले' वेगळी काढली होती. या साऱ्यांनी थोडेफार पाणी, धूळ आणि ऊन अडे. परंतु कौलांखालचे खरे दुसरे छप्पर होते ते शाकारणीचे. मृगाआधी माणसे पाख्यावर चढत, फुटके कौल काढून नवे घालत, सरकलेले जागी बसवत, पाला-कचरा झाडत. सरकारी विश्रामगृहांच्या अंदाजपत्रकांतही पावसाळ्यापूर्वीच्या या दुरुस्तीची तरतूद असे. सेवेत असताना तशा कागदांवर मी अनेकदा सह्या केल्या आहेत. आपल्या पूर्वजांना अस्तर लागले नाही, याचे कारण त्यांचे कौल गळत नव्हते हे नसून, ते दरवर्षी परतले जात होते हे आहे.

ती व्यवस्था आता उरलेली नाही. पाख्यावर न घसरता चालणारी माणसे थकली आणि त्यांची मुले अन्य व्यवसायांत गेली. मंगळूरचे बहुतेक जुने कारखाने बंद पडले; चांगली कौले पुष्कळदा पाडलेल्या घरांतूनच मिळवावी लागतात. त्यात वानरांचा उपद्रव वाढला आहे. शाकारणी गेली, पण तिच्या जागी काही आले नाही. म्हणून घरे गळतात आणि गळती लागली की विक्रीची बोलणी सुरू होतात.

ही रिकामी जागा अस्तर भरून काढू शकते; मात्र ते जाणतेपणाने घातले तरच. आमच्या शहापुरातील घराचे छप्पर उतरवले तेव्हा हे काम जवळून पाहता आले. जुने कौल एकेक वाजवून पाहिले. खणखणीत वाजले ते ठेवले, बद्द वाजले ते टाकले. एका चौरस मीटरला सुमारे पंधरा कौले लागतात, तेव्हा किती विकत घ्यावी लागतील याचा हिशेब लगेच झाला. वाळवी लागलेले वासे बदलले. मग वळचणीपासून आढ्याकडे, वरचा पट्टा खालच्यावर चढवत, अस्तर अंथरले. त्यावर प्रत्येक वाशाच्या रेषेत उभी पट्टी ठोकली आणि त्या पट्ट्यांवर आडव्या रिपा. या उभ्या पट्टीतच साऱ्या कामाचे मर्म आहे. रीप थेट अस्तरावर ठोकली तर फुटक्या कौलातून आलेले पाणी प्रत्येक रिपेशी तुंबते आणि लाकूड कुजवते. उभी पट्टी असली की ते रिपेखालून वाहत पन्हळीत पडते आणि कौलांखाली वाराही खेळतो.

अस्तराची निवडही तितकीच महत्त्वाची. युरोपात कौलांखाली डांबरी कापड घालण्याची रीत पडली, तेव्हा घरातली वाफ अडून छपराच्या आतल्या बाजूला थेंब धरू लागले. त्यावर उपाय म्हणून बाहेरचे पाणी अडवणारी पण आतली वाफ जाऊ देणारी अस्तरे पुढे आली. १९५५ साली अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत हाती लागलेल्या पॉलिथिलीनच्या तंतूंपासून अशा प्रकारचे एक कापड तयार झाले. आपल्याकडे बाजारात मिळणारी साधी ताडपत्री हे काम करत नाही. स्वयंपाकघराची वाफ आणि श्रावणातली दमट हवा तिच्याखाली कोंडते आणि वरून कोरडे दिसणारे वासे आतून नासतात. शिवाय कोणतेही अस्तर फार दिवस उन्हात उघडे राहता कामा नये. कौले लवकर चढवावीत.

हे सर्व करूनही अस्तर शाकारणीची पूर्ण जागा घेणार नाही. पन्हळ साफ करणे आणि फुटके कौल बदलणे चालू राहिलेच पाहिजे. फरक इतकाच की, एखाद्या वर्षी ते राहून गेले तरी घराची हानी होत नाही. आपल्या मुलांपैकी अनेकांचा मुक्काम आता पुण्यात, बंगळुरात किंवा परदेशात असतो. मृगाआधी त्यांना घरी येणे जमेलच असे नाही. अशा कुटुंबांसाठी ही सवलत लहान नाही.

तेव्हा भावाभावांच्या बैठकीत तो प्रश्न पुन्हा निघाला, तर उत्तर असे द्यावे: पूर्वजांनी गवत काढून नळीचे कौल घेतले, नळीचे काढून मंगलोरी घेतले आणि प्रत्येक वेळी घर मात्र तेच राखले. ते राखणे हीच परंपरा होय. पत्रा किंवा स्लॅब घालण्याचा निर्णय करण्यापूर्वी एकदा जाणत्या सुताराला पाख्यावर चढवून वासे ठोकून पाहावेत. पुष्कळदा वासे निम्म्याहून अधिक शाबूत निघतात आणि त्याबरोबर घरही.