पुस्तकाची शिफारस आणि दलाली

ग्रंथ लिहिणें ही एक गोष्ट आणि तो वाचकाच्या हातीं पोहोंचविणें ही दुसरी. आपल्या ग्रंथव्यवहाराच्या इतिहासांत लेखक व मुद्रक यांचीं नांवें आदरानें घेतलीं जातात. परंतु 'हें पुस्तक घ्या' असें सांगून त्यावर चार पैसे मिळविणारा मध्यस्थ बहुधा उपेक्षितच राहतो.

प्रारंभीं पुष्कळ मराठी पुस्तकें आगाऊ वर्गणीवर निघत आणि आश्रयदात्यांचीं नांवें पुस्तकांत छापलीं जात. 1877 सालीं टपालखात्यानें व्ही. पी.ची पद्धत सुरू केली. पुढें शाहू छत्रपतींनीं आपल्या कन्येच्या नांवें वसविलेल्या, भोगावतीकांठच्या राधानगरीसारख्या आडवळणाच्या गांवींही टपालवाला जाई तेथवर पुस्तक जाऊं शकलें.

परंतु कोणतें पुस्तक मागवावें, हें सांगणार कोण? विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं 1874 सालीं 'निबंधमाला' काढून ग्रंथांची परखड परीक्षा आरंभिली आणि पुण्यास 'किताबखाना' हें पुस्तकांचें दुकानही घातलें. टीकाकार व विक्रेता एकच झाला; पण दुकान कोणाचें, हें सर्वांस ठाऊक होतें. पुढें डॉ. केतकरांच्या 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'च्या 23 खंडांसाठीं वर्गणीदार मिळविण्यास प्रतिनिधी गांवोगांव हिंडले. दलालीवर फिरणाऱ्या विक्रेत्याचें पोट खपावर अवलंबून असे, हें खरें. मात्र तो दारांत समोर उभा असे. खोटी स्तुति केली, तर दुसऱ्या खेपेस त्याला तें दार बंद होई.

विसाव्या शतकाच्या अखेरीस हा मध्यस्थ अदृश्य झाला. 1995 सालीं पुस्तकविक्रीस आरंभ करणाऱ्या ॲमेझॉन या अमेरिकन पेढीनें 1996 सालीं एक योजना काढली. कोणीही आपल्या संकेतस्थळावर पुस्तकाविषयीं लिहावें व खालीं दुकानाचा दुवा द्यावा. त्या दुव्यांत शिफारस करणाराची खूण असते. वाचक त्या वाटेनें दुकानांत शिरला आणि ठराविक मुदतींत त्यानें खरेदी केली, म्हणजे किंमतीचा कांहीं हिस्सा शिफारस करणाराच्या खात्यांत जमा होतो. वाचकास त्यासाठीं अधिक पैसे पडत नाहींत. शिफारस करणारास भांडवल, कोठार वा टपालहंशील यांपैकीं कशाचीही तोशीस नाहीं. हिंदुस्थानांत फ्लिपकार्टनें 2007 सालीं पुस्तकांपासूनच आरंभ केला; ॲमेझॉनची भारतीय शाखा 2013 सालीं आली.

हिशेब मात्र लहान आहे. शेंकडा पांच दर धरला, तर तीनशें रुपयांच्या पुस्तकावर पंधरा रुपये मिळतात. म्हणून महाग व खपाऊ पुस्तकाकडे लेखणी वळण्याचा मोह होतो. याहून मोठा दोष असा कीं, 'हें पुस्तक घेऊं नका' या सल्ल्यास एक पैही मिळत नाहीं. परीक्षणाचें निम्में काम ज्या नकारानें होतें, तोच येथें बिनमोलाचा ठरतो.

या दोषावर कांहीं तोड निघाली आहे. जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या भारतीय मंडळानें 2021 सालीं व केंद्र सरकारनें 2023 सालीं, समाजमाध्यमांवर शिफारस करणारांनीं आपला आर्थिक संबंध उघड सांगावा, असे दंडक घातले. परंतु दंडकानें संबंध उघड होतो, सचोटी उत्पन्न होत नाहीं. ती पारखणें वाचकाच्याच हातीं आहे. शिफारस करणारानें कोणतीं पुस्तकें वाखाणलीं, एवढेंच पाहून भागत नाहीं. कोणतीं नाकारलीं, हेंही विचारावें. ज्याच्याजवळ या प्रश्नाचें उत्तर आहे, त्याची दलाली श्रमाची होय.