निवटीचा 1837 चा पत्ता

कळवा सोडलं की लोकल खाडीवर येते. ओहोटी असेल तर चिखल उघडा पडलेला दिसतो. अशाच चिखलात बिळं करून निवटी राहते.

तिचं शास्त्रीय नाव बोलिओफ्थॅल्मस डुसुमिएरी. ते 1837 साली व्हॅलेन्सिएन्सने दिलं, क्युव्हिएबरोबर सुरू केलेल्या माशांवरच्या 22 खंडी ग्रंथात. आणि डुसुमिए? बोर्दोचा व्यापारी. जहाजं घेऊन हिंदी महासागरात फिरायचा, पॅरिसच्या संग्रहालयासाठी प्राणी गोळा करायचा. या निवटीचं ठिकाण नोंदलंय फक्त ‘बॉम्बे’.

माझ्या पहिल्या मसुद्यात मी बेधडक लिहिलं होतं, ‘1837 मध्ये ठाणे खाडीत निवटी होती.’ गाइडनी विचारलं, “कुठल्या नोंदीवरून?” मी गप्प. ‘बॉम्बे’ म्हणजे बंदर, मासळीबाजार की खाडी, हे त्या एका शब्दातून निघत नाही.

निवटी इथे नव्हती असंही त्यातून सिद्ध होत नाही, बरं का. तिला भरती-ओहोटीचा मऊ चिखल लागतो. ओहोटीत ती परांवर सरकत चिखलावरचं सूक्ष्म शेवाळ खरवडते, ओल्या कातडीतूनही श्वास घेते. असा चिखल ठाण्याला आहे, डोंबिवलीकडे उल्हास खाडीतही आहे. पण हा अधिवासावरून केलेला तर्क झाला. नोंद वेगळी, तर्क वेगळा, दोन्ही एका वाक्यात कोंबायचे नाहीत. खाडी किती बिघडली हे सांगताना पुढचे लोक अशाच जुन्या वाक्यांचा आधार घेतात, म्हणून एवढा कीस.

आता तिथे लिहिलंय, ‘1837 पर्यंत निवटीचे नमुने मुंबईहून पॅरिसला पोचले होते.’ आठ शब्द, तीन आठवडे.