लाकडी सांगाडा, पोलादी रूळ

आम्ही लोणखेड्याचे, म्हणजे सारंगखेड्याची दत्तयात्रा घरचीच. तिथे आता लोखंडी आकाशपाळणे फिरतात. जुना रहाटपाळणा लाकडी, हाताने फिरवायचा. पिएत्रो देल्ला वाल्ले हा इटालियन प्रवासी १६१५ साली इस्तंबूलच्या रमजानच्या उत्सवात अशाच चाकात बसला होता. पुढे १६२३ मध्ये तो सुरतेला आला, म्हणजे आमच्याच तापीच्या मुखाशी! १८९३ मध्ये फेरिसने शिकागोत हे चाक पोलादात उभारले.

रोलर कोस्टरचे मात्र वेगळे झाले. टेक्सासमधला 'टेक्सास जायंट' १९९० मध्ये लाकडाचा बांधला. लाकडी रूळ म्हणजे फळ्यांचे एकावर एक थर आणि वर पोलादाची पातळ पट्टी. ऊन-पावसाने लाकूड फुगते, आक्रसते. डब्यांच्या भाराने थर सैल होतात आणि बसणाऱ्याची हाडे खिळखिळी होतात. दरवर्षी सुतारकाम काढावे लागते. २००९ च्या अखेरीस तो बंद केला. पाडला मात्र नाही. लाकडी सांगाडा बहुतांशी तसाच ठेवून वर पोलादी रूळ बसवला आणि २०११ मध्ये 'न्यू टेक्सास जायंट' सुरू झाला. मला ही जुन्याची कदर वाटते.

पण रूळ बदलला म्हणजे सगळे झाले, असे नव्हते. जुलै २०१३ मध्ये याच पाळण्यातून पडून एक महिला दगावली. रूळ शाबूत होता. सप्टेंबरात पाळणा पुन्हा सुरू झाला, तेव्हा प्रत्येक सीटला पट्टा होता.