सामायिक प्रयोगशाळा : खरेदीइतकीच देखभाल मोलाची
एनएमआर, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यांसारखी महागडी उपकरणे प्रत्येक विभागास स्वतंत्रपणे घेणे परवडत नाही; म्हणून विद्यापीठे ती एका केंद्रात ठेवून सर्वांस उपलब्ध करून देतात. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या ‘सैफ’ योजनेतील अशी केंद्रे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात व धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात आहेत. बाहेरील संशोधकही शुल्क भरून तेथे नमुने तपासून घेऊ शकतात. २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘आय-स्टेम’ संकेतस्थळावर देशभरातील उपकरणांचा शोध घेता येतो. तथापि, एनएमआरच्या चुंबकात द्रवरूप हेलियम वेळेवर न भरल्यास त्याची अतिवाहकता नष्ट होते आणि उपकरण बंद पडते. म्हणूनच प्रशिक्षित तंत्रज्ञ, वापराची नोंदवही, वेळापत्रक व देखभालीचा राखीव निधी यांची तरतूद खरेदीपूर्वीच होणे अगत्याचे ठरते.