नाव द्यावे, की रीतही द्यावी?

धंदा गावोगाव न्यायचा आणि भांडवल थोडे, तर आपले नाव दुसऱ्याच्या हाती द्यावे लागते. त्याच्या वाटा दोन.

कॅलिफोर्नियातील मॅकडोनाल्ड बंधूंनी १९४८ साली झटपट खाणे देण्याची नवी रीत बसवली. पुढे पैसे घेऊन त्यांनी इतरांस नावाचा परवाना दिला. पण परवानेदार मनास येईल तसे वागू लागले. १९५४ साली रे क्रॉक त्यांना भेटला. त्याने फ्रँचायझीची वाट धरली : नावाबरोबर रीतही शिकवायची अन् वरचेवर तपासायची. परवान्यात दगदग कमी, फ्रँचायझीत देखरेख फार. पण जिथे चव राखायची, तिथे नुसता परवाना पुरत नाही.

१९६१ साली क्रॉकने २७ लाख डॉलरना सारे हक्क घेतले. बंधूंना मूळ दुकानावरचे स्वतःचेच नाव उतरवावे लागले! तेव्हा करारात पैशाआधी नावाचे कलम वाचा.