कोरड्या मुलखांतील जलविहार

पश्चिम समुद्राच्या कांठीं राहणाऱ्या माणसास संध्याकाळचा जलविहार ही कांहीं अपूर्वाईची गोष्ट वाटत नाहीं. दिवस कलूं लागला आणि वारा पडता झाला, कीं खाडीच्या शांत पाण्यांत शिडाची होडी सोडावी, सूर्य बुडेपर्यंत वाऱ्याच्या मर्जीनें हिंडावें, आणि कंदील लागल्यावर होडींतच चार घांस खावे. हा विलास मांडवीच्या पात्रांत, कारलीच्या खाडींत किंवा केरळांतील कायलांत आज पैसे टाकून कोणासही विकत घेतां येतो. तेथें निसर्गानें सर्व सिद्धता करून ठेविलेली असते. माणसानें फक्त होडी आणावयाची. परंतु ज्या मुलखांत समुद्र नाहीं, खाडी नाहीं, आणि वर्षांतील निम्म्याहून अधिक काळ नदींत पाण्याऐवजीं वाळूच दिसते, त्या मुलखांतील माणसानें पाण्याजवळ बसून सांज घालविण्याची हौस कशी भागवावी? दक्षिणच्या पठारावर ही हौस नव्हती असें नाहीं. मात्र तिच्यासाठीं अगोदर पाणीच निर्माण करावें लागे, आणि तेथूनच खरा इतिहास सुरू होतो.

धाराशिव जिल्ह्यांतील बेंबळी हें गांव उदाहरणादाखल घ्यावें. सरळ रेषेंत मोजलें तरी समुद्र तेथून दोनशे मैलांच्या आसपास. जमीन काळी, पीक ज्वारीचें व हरभऱ्याचें, आणि पावसाचा भरंवसा बेताचा. सह्याद्रि ओलांडून येतां येतां ढग बहुतेक रिकामे झालेले असतात. गांवाच्या उत्तरेस थोड्या अंतरावर तेर आहे. तेंच प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक नाविकानें लिहिलेल्या समुद्रवर्णनांत ह्या नगराचें नांव आहे. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तें असून तेथील कापड गाड्यांतून भडोच बंदरास जातें, असें तो सांगतो. एवंच, या भागाचा माल दोन हजार वर्षांपूर्वीं समुद्रास पोंचला होता; समुद्र मात्र इकडे आला नाहीं. तो आणण्याचा, निदान त्याचा एक तुकडा दगडाच्या भिंतीनें अडवून धरण्याचा, जो प्रयत्न झाला तो बेंबळीच्या दक्षिणेस, नळदुर्ग येथें.

नळदुर्गाचें नांव नल-दमयंतीच्या कथेशीं जोडण्याची लोकांची आवड जुनी आहे. कथेचा भाग सोडला तरी स्थान खरोखरच राजास मोह पाडील असें आहे. पुढें भीमेस मिळणारी बोरी नदी येथें काळ्या खडकाच्या एका उंचवट्याला वेढा देऊन जाते. हा उंचवटा म्हणजे मुख्य किल्ला, आणि नदीपलीकडचा छोटा कोट म्हणजे रणमंडळ. बहामनी राज्य मोडल्यावर हें स्थान विजापूरच्या आदिलशाहीकडे आलें. पहिल्या अली आदिलशहाच्या काळांत तटबंदी दगडांत पक्की झाली आणि किल्ल्यास शहादुर्ग असें नांव मिळालें. पण लोकांच्या तोंडीं नळदुर्गच राहिलें. तटाला शंभराहून अधिक बुरूज आहेत, आणि उपळी बुरुजाच्या माथ्यावर चढलें म्हणजे शत्रूची धूळ केवढ्या अंतरावरून दिसत असेल तें सहज उमगतें.

१५८० सालीं अली आदिलशहाचा खून झाला आणि नऊ वर्षांचा दुसरा इब्राहीम गादीवर आला. राजा लहान, दरबारांत दुही. शेजाऱ्यांना याहून चांगली संधि कोणती? अहमदनगरचा मुर्तजा निजामशहा आणि गोवळकोंड्याचा कुत्बशहा यांच्या फौजांनीं नळदुर्गास वेढा दिला. किल्लेदारानें किल्ला राखला, शत्रूस यश आलें नाहीं. मोठेपणीं याच इब्राहीमच्या कारकीर्दींत, १६१३ सालीं, मुख्य किल्ला व रणमंडळ यांच्यामध्यें बोरीच्या पात्रांत सुमारें ९० फूट उंचीचें दगडी धरण उभें राहिलें. मीर इमादीन हा त्याचा कर्ता म्हणून ओळखला जातो. बाळपणींच्या वेढ्याची आठवण त्या दगडांच्या मुळाशीं असावी, हा तर्क अवास्तव नाहीं. वेढ्यांत किल्ला पडतो तो पुष्कळदां तोफेनें नव्हे, तहानेनें. धरणानें तीन कामें एकदम साधलीं: नदी अडून किल्ल्याच्या कुशींत पाण्याचा सांठा झाला, तोच सांठा शत्रूस खंदकासारखा आडवा आला, आणि एका कोटांतून दुसऱ्या कोटांत जाण्यास वाट झाली. परंतु बांधणारा एवढ्यावर थांबला नाहीं. त्यानें धरणाच्या पोटांतच एक महाल कोरल्यासारखा बसविला. हाच पाणी महाल.

या महालाची रचना शब्दांनीं सांगणें कठीण, तरी थोडक्यांत अशी. धरणाच्या माथ्यावरून अरुंद पायऱ्या खालीं भिंतीच्या आंत उतरतात. खालीं कमानींची, नक्षीच्या सज्जाची एक दालनवजा जागा आहे. तिचें तोंड नदीच्या खालच्या अंगास. पाठीस भिंत, आणि भिंतीमागें अडलेलें सगळें पाणी. पावसाळ्यांत जलाशय भरला म्हणजे जास्त झालेलें पाणी धरणावरील दोन सांडव्यांतून खालीं झेंप घेतें. त्या दोन धारांस लोक नर आणि मादी म्हणतात. एका धबधब्याचा आवाज व जोर दुसऱ्याहून अधिक, म्हणून हीं नांवें. ह्या धारा कोसळत असतांना आंत बसलेला माणूस कोरडाच असतो. मागें, वर आणि समोर पाणीच पाणी. उजेडही पाण्याच्या पडद्यांतून गाळून आंत येतो. होडींतला प्रवासी पाण्यावरून पुढें जातो. येथें माणूस जागच्या जागीं दस्तरखान मांडून बसतो आणि पाणीच त्याच्या डोक्यावरून प्रवास करतें. जलविहाराची ही तऱ्हा समुद्रकांठच्या लोकांस कधीं सुचण्याचें कारण नव्हतें. ती सुचण्यास पाण्याचा दुष्काळच लागतो.

दुसरा इब्राहीम हा संगीताचा वेडा राजा. 'किताब-ए-नवरस' हा त्याचा गीतसंग्रह प्रसिद्ध आहे. १५९९ सालीं विजापुराशेजारीं त्यानें नवरसपूर नांवाचें एक नवें नगरच वसविण्यास घेतलें होतें. कलावंतांनीं, वाड्यांनीं भरलेलें हें नगर पंचवीस वर्षेंही नांदलें नाहीं. १६२४ सालीं मलिक अंबरानें तें लुटलें, आणि त्यानंतर तें पुन्हां उभें राहिलें नाहीं. एकाच राजाचे हे दोन विलास. एक केवळ हौसेसाठीं होता, तो पंचवीस वर्षांत गेला. दुसरा हजारों माणसांच्या पिण्याच्या पाण्याला चिकटून होता, तो चारशें वर्षें टिकला. इतिहासाच्या अभ्यासकांनीं या भेदाकडे जितकें लक्ष द्यावयास हवें तितकें दिलेलें नाहीं. नळदुर्गावर लिहिणारे बहुतेक जण महालाच्या नक्षींत रमतात. धरण मात्र ते महालाचा पाया समजून ओलांडून जातात. वास्तविक महाल हा धरणाचा अलंकार आहे, धरण महालाचा चौथरा नव्हे.

याची पारख अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, जाऊन करावी. ज्या मुर्तजानें नळदुर्गावर फौजा धाडल्या त्याचाही पाण्यांतला एक महाल तेथें आहे. त्याचें नांव फराह बाग. लोक फऱ्याबाग म्हणतात. मोठ्या चौकोनी तळ्याच्या मध्यभागीं ही अष्टकोनी भव्य इमारत १५८३ सालीं पुरी झाली. तळें भरण्यासाठीं दूरच्या गांवांकडून नळांनीं पाणी आणिलें होतें. मुर्तजा स्वभावानें एकलकोंडा; लोक त्यास दिवाणा म्हणत. राज्यकारभार दुसऱ्यांवर टाकून तो अशा बागांत पडून राही, आणि दिल्लीच्या एका गवयाबरोबर बुद्धिबळें खेळे. १५८८ सालीं त्याच्याच मुलानें त्यास हमामखान्यांत कोंडलें आणि भट्टी पेटवून गुदमरवून मारलें. पाण्याच्या वेढ्यांत सुख शोधणाऱ्या माणसास वाफेनें मरण यावें, हा दैवाचा विनोद म्हणावा तर फार क्रूर आहे. पुढें राज्य गेलें, नळ फुटले, ते दुरुस्त करण्याची गरज कोणास राहिली नाहीं. महालाच्या भिंती आज उभ्या आहेत, पण ज्या पाण्यासाठीं त्या बांधल्या तें पाणी गेलें.

पुण्याची गोष्ट जवळची आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनीं पर्वतीच्या पायथ्याशीं आंबिल ओढ्याचें पाणी अडवून तळें केलें आणि मध्यें एक बेट राखून त्यावर बाग लाविली. संध्याकाळीं पेशवे तेथें होडींतून जात. होडी वल्हविणारे मुद्दाम हबशी ठेवीत, कारण त्यांस मराठी येत नसे आणि होडींत चाललेलें राजकारण बाहेर फुटत नसे, असें पुण्यांत परंपरेनें सांगतात. मोंगलाई, कर्नाटक, हिंदुस्थान यांचे बेत या चिमुकल्या तळ्यांत वल्ह्याच्या तालावर झाले असतील, ही कल्पना मोठी गोड आहे. १७८४ सालीं सवाई माधवरावांनीं बेटावर गणपतीची स्थापना केली. त्याचें नांव पडलें तळ्यांतला गणपति. विसाव्या शतकांत तळें आटविलें गेलें. गणपति तळ्यांतलाच राहिला, भोंवतीं मात्र सारसबागेची हिरवळ पसरली. शहरास पाणी दुसरीकडून मिळूं लागल्यावर तळ्याचा कैवार घेणारें कोणी उरलें नाहीं.

नळदुर्गचें पाणी मात्र राज्यें बदललीं तरी हटलें नाहीं. आदिलशाहीमागून मोंगल आले, मोंगलांमागून निजाम. १८५३ च्या तहान्वयें हा मुलूख कांहीं वर्षें इंग्रजांच्या ताब्यांत गेला आणि मेडोज टेलर हा त्याचा अधिकारी म्हणून नळदुर्गास येऊन राहिला. 'कन्फेशन्स ऑफ ए ठग' ह्या १८३९ च्या कादंबरीनें तो विलायतेंत आधींच गाजला होता. पुढें तुळजापूरच्या परिसरावर त्यानें 'तारा' ही कादंबरी १८६३ सालीं प्रसिद्ध केली. त्याच्या मृत्यूनंतर १८७७ सालीं निघालेल्या आत्मवृत्तांत नळदुर्गाचें, तेथील धरणाचें व त्यांतील महालाचें वर्णन आहे. पाहुणा म्हणून येऊन गेलेल्याचें तें लिहिणें नव्हे, तेथें बिऱ्हाड केलेल्याचें आहे. म्हणून त्याची गोडी निराळी. १८५७ च्या धामधुमींत त्याची वऱ्हाडांत बदली झाली, आणि १८६० सालीं नळदुर्ग पुन्हां निजामाकडे गेला. पुढें जिल्ह्याचें ठाणेंही नळदुर्गाहून धाराशिवास हललें.

येथें एका गोष्टीचा उल्लेख केल्यावांचून हें चित्र पुरें होत नाहीं. धरण बांधून अवघीं सतरा वर्षें झालीं होतीं तोंच १६३० ते १६३२ चा भयंकर दुष्काळ दक्षिणेवर व गुजरातवर कोसळला. त्या सालीं ज्या खेड्यांत माणसें व गुरें मेलीं, त्यांच्यापासून पाणी महालाच्या नक्षीदार सज्जापर्यंतचें अंतर कोसांत थोडें, पण खऱ्या अर्थानें फार मोठें होतें. त्यानंतरही या भागास दुष्काळानें सोडलेलें नाहीं. १९७२ चा दुष्काळ आज वृद्ध असलेल्या पिढीच्या आठवणींत आहे. खडी फोडण्याच्या कामावर गेलेलीं माणसें बेंबळीच्या पंचक्रोशींत अजून भेटतील. आणि २०१६ च्या एप्रिलांत शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी पोंचविण्याची पाळी आली. ज्या पठारावर राजांनीं पाण्याखालीं बसून गाणीं ऐकलीं, त्याच पठारावर चारशें वर्षांनीं पाणी रुळांवरून आलें. बोरीवर नळदुर्गाच्या वरच्या अंगास आतां नवें धरण आहे. तें भरून वाहूं लागलें म्हणजेच जुन्या धरणावरून नर व मादी कोसळूं लागतात, आणि मग धाराशिव, सोलापूरकडून माणसांची रीघ लागते. पाऊस हुकला तर त्या वर्षीं पाणी महाल नुसता महाल असतो.

तर मग सामान्य माणसाचा विहार कोठला? त्याचें उत्तर याच जिल्ह्यांत आहे, आणि तें पाण्यांत नसून शेतांत आहे. मार्गशीर्ष अमावास्येस येथें वेळ अमावास्या साजरी होते. लोक तिला येळवस म्हणतात. कानडी मुलखांतही हाच दिवस पाळतात, आणि नांवाचें मूळही तिकडेच आहे. त्या दिवशीं बेंबळीसारख्या गांवांत दुपारीं चिटपांखरूं दिसत नाहीं. सारें गांव शिवारांत गेलेलें असतें. कडब्याच्या पेंढ्यांची खोप उभारावयाची, आंत चुना लावलेले पांच दगड पांडव म्हणून मांडावयाचे, त्यांची पूजा करावयाची, आणि मग पंगत. ताकांत आंबविलेल्या पिठाची गार आंबील, तूर, हरभरा, वाटाणा यांचे ओले दाणे व पालेभाज्या बेसनांत शिजवून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. ज्यास शेत नाहीं त्यास शेतवाला आग्रहानें बोलावितो. शहरांत नोकरीस गेलेले त्या दिवसापुरते परत येतात. या वेळीं ज्वारी निसवलेली, हरभरा घाट्यावर आलेला असतो, आणि हीं पिकें उभीं असतात तीं आकाशांतून पडणाऱ्या पाण्यावर नव्हे, तर काळ्या मातीनें पावसाळ्यांत पोटांत सांठवून ठेवलेल्या ओलीवर. बादशहानें दगडाच्या भिंतीमागें जें केलें तेंच काम येथें माती करीत असते. तिचा जलाशय डोळ्यांना दिसत नाहीं, इतकेंच.

सूर्य मावळतीस टेकला म्हणजे शेतकरी कडब्याचा टेंभा, ज्यास तिकडे हेंडगा म्हणतात, पेटवितो आणि पिकाभोंवतीं फेरी घालतो. एका शेतांतला टेंभा पेटला कीं शेजारच्या शेतांतला पेटतो. मग उरलेल्या आंबिलीचें मडकें बैलगाडींत नाहींतर हल्लीं मोटारसायकलवर ठेवून मंडळी अंधारांत गांवाकडे निघतात.