प्रशिक्षकाचा रोष आणि रेफरीचा निवाडा

फुटबॉलच्या आरंभकाळी मैदानावरील तंट्यांचा निवाडा दोन्ही कर्णधार आपसांतच करीत. पुढे प्रत्येक पक्षाने आपापला पंच आणण्याचा प्रघात पडला, आणि त्या दोघांचे एकमत न झाल्यास कडेला उभा असलेला रेफरी अखेरचा निकाल देई. पक्षानेच नेमलेल्या पंचाकडून निःपक्षपाताची अपेक्षा दुरापास्त होती. म्हणून १८९१ साली रेफरीला मैदानात आणून सारा अंमल त्याच्या स्वाधीन करण्यात आला व पंच सीमारेषेवरचे साहाय्यक झाले. परंतु अधिकार एकवटला, तसा पराभूतांचा रोषही त्या एकाच माथ्यावर एकवटला.

२३ जुलै १९६६ रोजी वेम्बलीवर विश्वचषक स्पर्धेतील इंग्लंड व अर्जेंटिना यांच्या सामन्यात पश्चिम जर्मनीचे रेफरी क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाचा कर्णधार रात्तिन यास बाहेर जाण्याचा हुकूम फर्मावला. दोघांस एकमेकांची भाषा अवगत नसल्याने रात्तिन कितीतरी वेळ जागचा हलेना. त्याच सामन्यात इंग्लंडच्या चार्ल्टन बंधूंना ताकीद मिळाली होती, याचा उलगडा त्यांचे प्रशिक्षक रॅम्झी यांनाही वर्तमानपत्रांतील वृत्तानंतर फिफाकडे विचारणा केल्यावरच झाला. स्पर्धेतील रेफरींचे प्रमुख केन ॲस्टन यांनी या गोंधळाचे मर्म ओळखले आणि वाहतुकीच्या दिव्यांवरून पिवळ्या व तांबड्या कार्डांची कल्पना योजिली. १९७० च्या मेक्सिकोतील विश्वचषकात ती अमलात आली. निकाल भाषेच्या आधाराविना सर्वांस दिसू लागला, आणि संदिग्धतेतून उपजणाऱ्या तक्रारींचे मूळच पुष्कळसे खुंटले.

प्रशिक्षकाची गोष्ट मात्र निराळी होती. सीमारेषेवरून सूचना देण्यास त्यास दीर्घकाळ मनाई होती. १९९३ मध्ये आखीव क्षेत्रात उभे राहण्याची मुभा मिळाली, आणि २०१९ पासून त्यालाही कार्ड दाखविण्याचा अधिकार रेफरीला प्राप्त झाला. या नियमातील विवेक मला अत्यंत मोलाचा वाटतो: निर्णयाविषयीच्या सौम्य नापसंतीस केवळ समज, उपरोधिक टाळ्यांसारख्या उघड अनादरास पिवळे कार्ड, शिवीगाळीस तांबडे; आणि बाकावरील अपराधी ओळखता न आल्यास जबाबदारी उपस्थितांतील ज्येष्ठ प्रशिक्षकाची.

प्रशिक्षकाची नाराजी समूळ नाहीशी व्हावी, असे या नियमकर्त्यांनी इच्छिले नाही. तिला मर्यादा घालून दिली. म्हणून जो रेफरी प्रामाणिक हरकत शांतपणे ऐकतो, आपला निर्णय एकदाच व स्पष्टपणे सांगतो आणि मर्यादाभंग होताच न डगमगता नियमाचा अंमल करतो, तोच शतकाहून अधिक काळाच्या या अनुभवाचा खरा वारसदार होय.